‘फेर’ची गोष्ट: काल्हेरच्या सातबाऱ्यापासून उत्तरपत्रिकेपर्यंत

ठाण्याच्या बाळकुम नाक्यावरून जुन्या आग्रा रस्त्याने कशेळीचा पूल ओलांडला, की उल्हासच्या खाडीपलीकडे भिवंडी तालुका लागतो. कशेळीला लागूनच काल्हेर. एके काळी भातखाचरे आणि खाडी यांवर जगलेले हे गाव आज गोदामे, टोलेजंग इमारती आणि मेट्रो ५ चे खांब यांनी ओळखले जाते. अशा गावातल्या एखाद्या जुन्या शेतजमिनीचा सातबारा काढला, तर ‘आकार’ या शब्दापुढे काही रुपये आणि काही पैसे एवढाच आकडा दिसतो. त्याच जमिनीचे, मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले मूल्य पाहिले, तर ते लाखांत जाते. दोन्ही आकडे सरकारी आणि जमीनही तीच. एका आकड्याला वेळोवेळी ‘फेर’ मिळत गेला, दुसरा होता तिथेच थांबला. या धाग्याचा विषय हा ‘फेर’ आहे.

आधी शब्द पाहू. ‘पुनर्मूल्यांकन’ हा अर्वाचीन घडणीचा तत्सम शब्द. पुनः + मूल्य + अंकन. म्हणजे ठरलेल्या मूल्याची नव्याने नोंद. ‘पुनः’तल्या विसर्गापुढे मृदू व्यंजन आले की त्याचा र् होतो, म्हणून रफार ‘मू’वर येतो. ‘पुर्नमूल्यांकन’ असे लिहिलेले फलक आणि परिपत्रके महाराष्ट्रात इतकी आहेत, की शुद्ध रूपच चुकीचे वाटावे! पुनर् + विलोकन म्हणजे पुनर्विलोकन, पुनर् + ईक्षण म्हणजे पुनरीक्षण, हेही त्याच घराण्यातले.

घरगुती मराठीत मात्र हे काम ‘फेर’ करतो. फेरतपासणी, फेरमोजणी, फेरआकारणी, फेरविचार, फेरफार. हा ‘फेर’ फिरण्यातला आहे. जोत्याभोवती फेरी, नाचाचा फेर, दिवसांचा फेर, सारे एकाच मुळातून आलेले. १८५७ साली मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा ‘पुनर्मूल्यांकना’चा जन्म व्हायचा होता, ‘फेर’ आणि ‘फेरफार’ मात्र केव्हाचेच रूढ होते. संस्कृत शब्द आला तो पुढे, ज्ञानव्यवहार आणि शासनव्यवहार मराठीत आणण्याच्या खटपटीतून. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्येच भाषा संचालनालय सुरू झाले आणि अशा घडवलेल्या शब्दांना कार्यालयांची दारे उघडली.

शब्दाची एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘पुनर्’ किंवा ‘फेर’ ही पूर्वपदे फक्त ‘पुन्हा’ एवढेच सांगतात. मूल्य वाढेल की घटेल, याविषयी ती मुकी आहेत. पुन्हा मूल्य ठरवणारा कोण, त्याच्या हातातले माप कोणते आणि ज्याचे मूल्य ठरते आहे त्याला तक्रारीची सोय आहे का, हेही शब्दात येत नाही. इतिहासात सगळे भांडण झाले ते याच न आलेल्या गोष्टींवरून.

आता काल्हेरच्या बाजूचा इतिहास. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतली. शिवकाळातली जमीनमोजणी म्हटली की पाच हात पाच मुठींची काठी आणि अण्णाजी दत्तो यांची पाहणी आठवते. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तुकडा म्हणजे एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. उत्तर कोकणात याशिवाय ‘हुंडाबंदी’ किंवा ‘टोकाबंदी’ हाही प्रकार होता: जमीन न मोजताच एका तुकड्यावर अमुक इतके भात वा रक्कम ठोकून द्यायची. अशा ढोबळ आकारणीत फेर कशाचा घेणार? आधी मोजलेलेच नसेल, तर पुन्हा मोजणे हा शब्दप्रयोगही निरर्थक ठरतो. मूल्यांकनाशिवाय पुनर्मूल्यांकन नाही, हा साधा क्रम इथे पहिल्यांदा लक्षात येतो.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बेट घेतले. काल्हेरचा किनारा मात्र, मधल्या युद्धाची काही वर्षे वगळता, १८१७ पर्यंत मराठ्यांकडे राहिला. जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांना उत्तर कोकण सोडावे लागले. म्हणजे सुमारे त्रेचाळीस वर्षे ही अरुंद खाडी दोन राज्यांची आणि दोन महसूलपद्धतींची सीमा होती. पलीकडच्या काठावरच्या शेतकऱ्याचा सारा कंपनीचा अंमलदार ठरवी, अलीकडच्याचा पेशव्यांचा कमाविसदार. आज रोज पुलावरून ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांना ही सीमा ठाऊक असेल!

सगळा प्रदेश एका सत्तेखाली आला आणि मग मोजणीचे खरे युग सुरू झाले. दख्खनेत १८२८ ते १८३० दरम्यान प्रिंगल यांनी केलेली पहिली आकारणी कोसळली. निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा धरायचा, असे कागदावर सुबक दिसणारे गणित होते; प्रत्यक्षात शेतकरी गावे सोडून जाऊ लागले. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या तरुण अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. शेताची मोजणी, मातीची प्रतवारी, सोळा आण्यांच्या मापात जमिनीचा कस, आणि त्यावरून दर. ही दर ठरवण्याची पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली आणि पुढे तालुक्यातालुक्यांत पसरत ठाणे जिल्ह्यातही आली. कोकणात तिला भात आणि वरकस असा भेद करावा लागला. वरकस जमीन स्वतः फारसे पिकवत नसली, तरी तिच्यावरच्या झाडपाल्याचा राब जाळल्याशिवाय भाताचे रोप तयार होत नाही. हे शेतकऱ्याला सांगण्याची गरज नव्हती, आकारणीला मात्र ते शिकावे लागले.

या पद्धतीतला कळीचा मुद्दा म्हणजे तीस वर्षांची हमी. एकदा ठरलेला दर तीस वर्षे बदलायचा नाही. शेतकऱ्याने विहीर खणली, बांध घातला, तर वाढलेले उत्पन्न त्याचे. पण तीस वर्षे सरल्यावर? तेव्हा ‘रिव्हिजन सर्व्हे’. मराठीत फेरपाहणी, फेरआकारणी.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याचे १०७ वे कलम या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. खातेदाराने स्वतःच्या पैशाने केलेल्या सुधारणांवर फेरआकारणीत सारा वाढवायचा नाही, असे ते म्हणते. खाडीकाठच्या माणसाला याचा अर्थ ताबडतोब कळतो. ठाणे जिल्ह्यात खाडीला बांध घालून, खारे पाणी अडवून, वर्षानुवर्षे पावसाने मीठ धुऊन काढत भातशेती निर्माण झालेली आहे. हे श्रम शेतकऱ्याचे, तेव्हा त्यांवर कर नको. पण त्याच कलमाने दुसरे दार उघडे ठेवले: जमिनीचे सर्वसाधारण मूल्य, धान्याचे भाव आणि दळणवळण यांच्या आधारे दर वाढवता येतील.

दळणवळण! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. मुंबईसारखी बाजारपेठ जवळ आली. रस्ता किंवा रूळ शेतकऱ्याने घातलेला नसतो, त्यामुळे त्याने आलेली वाढ सरकारला घेता येते, हा तर्क ऐकायला नीट वाटतो. अडचण अशी, की मुंबईचा भाव जवळ आला म्हणून शेतकऱ्याच्या हातात तो भाव पडतोच असे नाही. मध्ये व्यापारी असतो, सावकार असतो. फेरआकारणी भाव बघत होती, हातात पडलेले पैसे बघत नव्हती. सगळ्या पद्धतीतले हे सर्वात मोठे भगदाड.

ते उघडे पडले पुन्हा इंदापुरातच. पहिल्या आकारणीची तीस वर्षे १८६० च्या दशकात पूर्ण झाली. नेमका तो काळ अमेरिकेतील यादवी युद्धाने फुगवलेल्या कापसाच्या भावांचा. १८६७ च्या सुमारास इंदापूरच्या फेरआकारणीत सारा निम्म्याहून अधिक वाढला. जत्रेचा भाव बारमाही धरला, तसा हा प्रकार. भाव कोसळले, सारा तसाच राहिला. आरडाओरड इतकी झाली, की १८७४ मध्ये मुंबई सरकारला मर्यादा घालाव्या लागल्या: एका तालुक्यात वा गावांच्या एका गटात वाढ ३३ टक्क्यांपलीकडे नको, एका गावात ६६ पलीकडे नको, एका खातेदारावर शंभरपलीकडे नको. आजच्या वाचकाला ‘शंभर टक्के’ ही मर्यादा पाहून हसू येईल. परंतु ती घालावी लागली, यावरून त्याआधी काय होत असेल ते समजावे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. दख्खनच्या दंग्याचा राग सावकारावर होता हे खरे. सावकाराच्या दारात माणसाला उभे करण्यात सारावाढीचा वाटा किती, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे.

याच सुमारास, १८७६ मध्ये, मुंबई महसूल अधिकारक्षेत्राचा कायदा झाला. साऱ्याची रक्कम किती असावी, ती कुणावर किती बसावी, याविरुद्धचे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. आकारणी करणारा महसूल खात्याचा, फेरआकारणी करणारा त्याच खात्याचा आणि तक्रार ऐकणाराही त्याच खात्याचा. बेरीज चुकली असेल तर दुरुस्त होईल. मापच चुकले आहे, असे म्हणायला जागा नाही. पडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांतला फरक इतक्या स्पष्टपणे क्वचितच एखाद्या कायद्याने दाखवला असेल.

१८९६ च्या दुष्काळात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत वातावरण तापले. पुणे सार्वजनिक सभा तेव्हा टिळकांच्या प्रभावाखाली होती. सभेचे प्रतिनिधी गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना सांगू लागले, की पीक बुडाले असेल तर तहकुबी आणि सूट मागणे हा तुमचा हक्क आहे, भीक नव्हे. ही मागणी त्या वर्षापुरती होती; मुळातला दर बदला असे कुणी म्हणत नव्हते. तरीही सरकारला ती झेपली नाही. प्रतिनिधींवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सभेची सरकारी मान्यताच काढून घेण्यात आली. ठाण्याच्या खाडीकाठी सारा हा विषय उघड सभेत आला, तो असा.

माप चुकले आहे, असे सरकारला मान्य करायला लावणारा प्रसंग घडला त्याच मुंबई इलाख्यात, पण आजच्या गुजरातेत. सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्याच्या फेरआकारणीत अधिकाऱ्याने सुमारे ३० टक्के वाढ सुचवली, सरकारने ती २२ टक्के ठरवली. फेब्रुवारी १९२८ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी वाढीव दराने सारा द्यायचे नाकारले. त्यांची मागणी फार नेमकी होती: सारा माफ करा असे नव्हे, फेरआकारणीची निष्पक्ष चौकशी करा. ऑगस्टमध्ये सरकारला ते मानावे लागले. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावे फिरून खंडाचे आकडे तपासले, तेव्हा मूळ अहवाल न तपासलेल्या कागदांवर उभा होता हे दिसले. योग्य वाढ निघाली सुमारे ६ टक्के. यातले ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. इतिहासाला अशा भेटीगाठी आवडतात. इथे ‘पुनर्मूल्यांकनाचे पुनर्मूल्यांकन’ झाले आणि ते खात्याबाहेरच्या माणसासमोर, पुरावे मांडून, शेतकऱ्याच्या उपस्थितीत झाले. २२ वरून ६ ही घट महत्त्वाची आहेच. पण इलाख्यातल्या प्रत्येक तालुक्याला कळले ते हे, की सरकारचा आकडा तपासून मागता येतो.

स्वातंत्र्यानंतर फेरआकारणीचे काम महाराष्ट्रात प्रायः थंडावले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आकारणीचे प्रकरण आहे. पण शेतसाऱ्यातून मिळणाऱ्या उत्पन्नासाठी शेतकऱ्यांचा रोष ओढवून घेण्यात कोणत्याच सरकारला रस उरला नाही. म्हणून सातबाऱ्यावरचा ‘आकार’ जुन्या काळात गोठलेला दिसतो. त्याच संहितेत ‘अपील, पुनरीक्षण व पुनर्विलोकन’ असा स्वतंत्र भाग मात्र आला. तीनही शब्दांचा अर्थ वेगळा. अपील वरच्याकडे करायचे. पुनरीक्षण म्हणजे वरच्याने आपण होऊन किंवा कुणी लक्षात आणून दिल्यावर खालच्याचे काम तपासणे. पुनर्विलोकन म्हणजे ज्याने आदेश दिला त्यानेच तो पुन्हा पाहणे. तलाठी कार्यालयात हे तीन अर्ज एकमेकांत मिसळले, की माणसाची वर्षे जातात.

जमिनीच्या मूल्याचा खरा फेर आता दुसऱ्या दप्तरात चालतो. मुद्रांक शुल्कासाठी शासन वार्षिक मूल्यदर तक्ते काढते. बोलीभाषेत ते ‘रेडी रेकनर’. आर्थिक वर्षाच्या आरंभी दर बदलतात, किंवा २०२३-२४ व २०२४-२५ प्रमाणे जैसे थे ठेवले जातात. तीस वर्षांची हमी गेली, वर्षाचा फेर आला. काल्हेर आज भिवंडीभोवतीच्या ६० गावांच्या, एमएमआरडीएच्या नियोजनाखालील अधिसूचित क्षेत्रात मोडते. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणला झाले, आणि या मार्गावर काल्हेर हे स्थानक आहे. १८७९ च्या कायद्यातला ‘दळणवळण’ हा शब्द इथे नव्या वेशात परत येतो. रस्ता आला, पूल आला, खांब उभे राहिले, म्हणून मूल्य चढले. फरक एवढाच, की तेव्हा मूल्य वाढणे म्हणजे शेतकऱ्यावर संकट होते. आज विकणाऱ्याला ते हवे असते आणि घर घेणाऱ्याला नको असते.

जमीन सार्वजनिक कामासाठी घेतली जाते तेव्हा तर बाजू पूर्ण उलटते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात १९८४ मध्ये २८-अ हे कलम घातले गेले. एकाच अधिसूचनेखाली जमीन गेलेल्या एका शेजाऱ्याने न्यायालयातून मोबदला वाढवून घेतला, तर न्यायालयात न गेलेल्या दुसऱ्यालाही त्या आधारे पुनर्निर्धारण मागता येईल, असे ते कलम. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसलेल्या लहान खातेदारासाठी ही तरतूद होती, आणि २०१३ च्या नव्या कायद्यातही ती राहिली. इंदापूरचा शेतकरी ज्या ‘फेर’ शब्दाला भ्यायला होता, त्याच शब्दासाठी त्याचा पणतू अर्ज करतो.

तरुण वाचकांचा या शब्दाशी पहिला परिचय बहुधा निकालाच्या दिवशी होतो. तिथेही हाच इतिहास लहान प्रमाणात घडला आहे. राज्य मंडळाच्या जुन्या नियमांत गुणपडताळणीची सोय होती: सर्व उत्तरे तपासली आहेत ना, बेरीज बरोबर आहे ना, एवढेच पाहायचे. उत्तरपत्रिका दाखवणार नाही आणि पुनर्मूल्यांकन करणार नाही, असे नियम स्पष्ट सांगत. मुंबई उच्च न्यायालयाने ते नियम अवैध ठरवले. परंतु १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाची बाजू उचलून धरली. लाखो उत्तरपत्रिका पुन्हा तपासत बसले तर निकालाला अंतच राहणार नाही, हा त्यामागचा मुख्य विचार. तो विचार अगदीच टाकाऊ नाही. कुठल्याही मूल्यांकनाला कधीतरी पूर्णविराम लागतोच, आणि तीस वर्षांच्या हमीमागेही स्थैर्याची हीच ओढ होती. पुढे माहिती अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला आणि ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे, ती पाहण्याचा विद्यार्थ्याला हक्क आहे, असे सांगितले. आज मंडळाच्या परीक्षेत छायाप्रत घेऊन मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. क्रम पाहा: आधी कागद हातात, मग फेर. बारडोलीतही आकडे उघड झाल्यावरच वाढीचा फुगा फुटला होता.

इतिहासलेखनात हाच शब्द वापरताना हा क्रम विसरला जातो. व्यक्तीविषयीचे मत बदलणे आणि तिचे पुनर्मूल्यांकन करणे या एकच गोष्टी नव्हेत. संभाजी महाराजांची बखरींनी रंगवलेली बेबंद प्रतिमा नाटकांनी घरोघर नेली होती. वा. सी. बेंद्रे यांनी चाळीस वर्षांच्या आसपास साधने जमवून १९६० मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि नंतर कमल गोखले यांनी तो अभ्यास पुढे नेला. बखर केव्हा लिहिली, कुणी लिहिली, लिहिणाऱ्याच्या घराण्याचे वैर कुणाशी होते, समकालीन पत्रे काय म्हणतात, अशी तपासणी झाली. त्यामुळे जुन्या चित्राला आव्हान मिळाले ते साधनांच्या बळावर. एखाद्या चित्रपटानंतर आठवडाभरात होणारी ‘पुनर्मूल्यांकने’ आणि हे काम यांना एकच शब्द लावणे, हा शब्दावर अन्याय आहे.

आणि शेवटी पुन्हा जमीन, कारण ‘फेर’ अजूनही सर्वात जास्त ऐकू येतो तो भूमी अभिलेख कार्यालयात. काल्हेरसारख्या ठिकाणी, जिथे वीतभर बांधाची किंमत मोठी, मोजणी मान्य नसलेला खातेदार ‘निमताना मोजणी’चा अर्ज करतो, तीही मान्य नसेल तर ‘सुपर निमताना’. साखळीची जागा आता उपग्रहाधारित रोव्हरने घेतली आहे. वाद पेटला, की मोजणीदार दप्तरातून पहिल्या सर्वेक्षणाचे टिपण बाहेर काढतो आणि नवी रेषा त्या पिवळ्या कागदावरच्या रेषेला लावून पाहतो.